अभियंता दिन विशेष : नीरेच्या पाटाला ‘ब्लॉक’ देणारे विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर आला की सगळ्यांच्या मोबाइलवर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा फोटो येतो. डोक्यावर म्हैसुरी पगडी, कोट, टाय आणि करारी चेहरा. खाली रेल्वेच्या रुळाची किंवा मेणबत्तीची गोष्ट असते. त्या गोष्टी खऱ्या की रचलेल्या, याचा निवाडा करत बसायचं कारण नाही. पण आपल्या पुरंदर, बारामती, इंदापूर भागातल्या शेतकऱ्याने या माणसाची आठवण काढावी असं एक ठोस काम त्यांनी आपल्याच नीरा कालव्यावर केलं आहे आणि ते काही त्या मेसेजमध्ये येत नाही.

जुनी माणसं आजही उसाच्या मंजूर पाण्याला ‘ब्लॉकचं पाणी’ म्हणतात. तो ब्लॉक शब्द या भागात आला तो विश्वेश्वरय्यांच्यामुळे. धरणं बांधणारे इंजिनिअर पुष्कळ झाले. पण साठवलेलं पाणी कुणाला, किती, कोणत्या पिकाला आणि कोणत्या पाळीने द्यायचं, याचा हिशोब मांडणारे थोडे. विश्वेश्वरय्या त्या थोड्यांपैकी एक. म्हणून अभियंता दिनाच्या निमित्ताने त्यांचं आयुष्य आपल्या पाटावरून बघू.

मुद्देनहळ्ळीचा मुलगा पुण्यात

त्यांचं मूळ गाव मुद्देनहळ्ळी. आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळचं हे खेडं. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार. घरात विद्या होती, पैसा नव्हता. विश्वेश्वरय्या शाळेत असतानाच वडील वारले. पुढचं शिक्षण बंगळूरला झालं. सेंट्रल कॉलेजात शिकताना त्यांनी दुसऱ्याच्या घरी मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवला. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले.

इंजिनिअर व्हायचं तर त्या काळात पुणं गाठावं लागे. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, ते हेच कॉलेज. १८८३ मध्ये ते शेवटच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. पहिल्या आलेल्याला सरकारी नोकरी ठरलेली. १८८४ मध्ये ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. म्हणजे माणूस म्हैसूरचा, पण शिक्षण पुण्याचं आणि नोकरीची जवळपास चोवीस वर्षं मुंबई इलाख्याची. आपल्या मातीचा त्यांच्यावर आणि त्यांचा आपल्या मातीवर हक्क आहे तो असा.

पांझरेकाठचा पहिला धडा

पहिली नेमणूक नाशिक-खानदेश भागात. धुळ्याच्या पुढे, आजच्या साक्री तालुक्यात दातर्ती गाव आहे. तिथे पांझरा नदीच्या पाण्यासाठी नळाचा सायफन करायचं काम या नवख्या इंजिनिअरकडे आलं. सायफन म्हणजे काय हे आपल्याला नवीन नाही. पाट चाललाय आणि मध्ये नदी किंवा ओढा आडवा आला, तर पाणी नळातून पात्राच्या खालून न्यायचं आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर काढायचं. अलीकडची पातळी जरा उंच आणि पलीकडची जरा खाली असली की पाणी आपोआप चढतं. मोटार लागत नाही की बैल लागत नाहीत.

काम ऐन पावसाळ्यात आलं. नदी वाळू आणून टाकायची, केलेलं काम बुजायचं. पाऊस सरल्यावर करू, असं विश्वेश्वरय्यांनी वर कळवलं. वरच्या साहेबाला ते रुचलं नाही. नोकरीच्या सुरुवातीलाच शेरा खराब व्हायची वेळ आली. मग त्यांनी पावसातच माणसं लावली आणि काम पुरं करून दाखवलं.

पांझरेच्या खोऱ्याची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथे इंजिनिअर यायच्या कितीतरी आधीपासून फड पद्धत चालत आलेली आहे. नदीवर छोटे बंधारे घालायचे, पाट काढायचे, गावच्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि फडाफडाने पीक फिरवायचं. पाणी वाटायला आणि पाटावर नजर ठेवायला गावाने माणसं नेमायची. पाणी कमी असलं की कमी फड भिजवायचे, पण जो फड भिजेल त्यात सगळ्यांचा वाटा. सरकारी ब्लॉक आणि गावचा फड यांत फरक आहे. पण पाणी एकट्याचं नसतं, ते रानाच्या गटाला द्यायचं असतं आणि पीक फिरवायचं असतं, हे दोन्हींत सारखं आहे. त्या फडांच्याच खोऱ्यात या माणसाची नोकरी सुरू झाली.

पुढे १८९३ च्या सुमारास सिंधमधल्या सक्कर शहराचं पाणी करायला त्यांना पाठवलं. शहर सिंधू नदीच्या काठी, पण पाणी गढूळ. गाळून घ्यायची मोठी टाकी बांधायला नगरपालिकेकडे पैसे कमी. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपून पाणी विहिरीत स्वच्छ येऊ लागलं. आपल्याकडे नदीच्या वाळूत झिरा काढतात, त्याच जातीची ही युक्ती. १८९५ मध्ये ते काम पुरं झालं.

खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे

मग सुरत करून ते पुण्याला आले. १८९८ मध्ये जपान बघून आले आणि १८९९ मध्ये पुणे पाटबंधारे विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुठा कालवा आणि नीरा कालवा हे दोन्ही त्यांच्या हाताखाली. वर्ष कोणतं, तर १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाचं. खडकवासल्याच्या पाण्यावर पुणे शहर, लष्कराची छावणी आणि शेती अशी तिघांची मदार. शहर आणि शेती यांच्यात पाण्यावरून ओढाताण आजची नाही, ती तेव्हापासूनची आहे.

पावसाळ्यात खडकवासल्याच्या सांडव्यावरून दरवर्षी कित्येक फूट पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई पडायची. धरणाची भिंत उंच करायची तर खर्च मोठा. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर दरवाजे बसवायचं ठरवलं. हे दरवाजे साधे नव्हते. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत आलं तरी ते बंद राहायचे आणि पातळी त्याच्या वर गेली की पाण्याच्याच जोराने उघडायचे. पूर ओसरला की पुन्हा बंद. रात्री-अपरात्री भर पावसात माणसाने जाऊन चाक फिरवायची गरज नाही. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले. सांडव्याच्या वर सुमारे आठ फूट पाणी धरता येऊ लागलं आणि धरणाचा साठा सुमारे पाव हिश्शाने वाढला. नवी भिंत नाही, नवी जमीन बुडवली नाही, तरी पाणी वाढलं. या दरवाजांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. पण आपण सरकारी नोकर, नोकरीत केलेल्या कामाचा वेगळा मोबदला घ्यायचा नाही, म्हणून त्यांनी त्यावर पैसे घेतले नाहीत.

नीरेचा पाट आणि ब्लॉक

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं आणि जनावरं अतोनात मेली. त्यानंतर सरकारने दुष्काळी भागासाठी कालवे काढायचं मनावर घेतलं. नीरा डावा कालवा त्यातलाच. वीरच्या बंधाऱ्यातून निघालेला हा पाट पुरंदर, बारामती करत इंदापुरापर्यंत जातो. लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्याला पाणी पुरवायला भाटघरचं जुनं धरण झालं.

पाट काढला होता ज्वारी-बाजरी जगवायला, गावं दुष्काळातून तारायला. झालं वेगळंच. चांगला पाऊस झालेल्या वर्षी पाण्याला गिऱ्हाईक नसायचं, कारण आभाळाचं पाणी फुकट आणि पाटाला पट्टी. आणि दुष्काळ पडला की सगळे एकदम पाणी मागायचे. त्यात ज्यांची रानं पाटाला लागून, त्यांनी ऊस लावला. उसाला बारा महिने पाणी. वरच्या गावांतली रानं रात्रंदिवस भिजत राहिली आणि खालच्या गावांना पाट कोरडा. बरं, ज्यांना पाणी मिळालं त्यांचं तरी सगळं भलं झालं का? एकाच रानात वर्षानुवर्षं ऊस आणि बेसुमार पाणी यामुळे जमिनी पाणथळ व्हायला लागल्या, वर मीठ फुटू लागलं. पाटाकडेच्या गावांत डास आणि हिवतापाचा त्रास. म्हणजे वरच्याची जमीन जास्त पाण्याने गेली आणि खालच्याचं पीक पाण्यावाचून गेलं.

विश्वेश्वरय्यांनी या सगळ्याचा हिशोब मांडला. एक घनफूट पाणी एका जागी ओतलं तर किती एकर भिजतं आणि बेताने फिरवलं तर किती भिजतं, हे मोजलं. आणि तोडगा काढला तो ब्लॉक पद्धतीचा.

पद्धत अशी. पाणी पाटाच्या वरच्या तोंडाशीच न संपवता लांबपर्यंतच्या गावांत वाटायचं. प्रत्येक गावात एकत्र लागून असलेल्या चांगल्या निचऱ्याच्या जमिनीचा एक गट ठरवायचा, तो ब्लॉक. त्या गटाला काही वर्षांसाठी पाण्याची खात्री द्यायची, म्हणजे शेतकरी बिनघोर रान तयार करेल, खत घालेल, पैसा लावेल. पण सगळ्या ब्लॉकात ऊस नाही. साधारण तिसऱ्या हिश्शात ऊस आणि बाकीच्यात कमी पाण्याची हंगामी पिकं. दरवर्षी उसाची जागा बदलायची. तीन वर्षांत फेरा पुरा. ज्या रानात यंदा ऊस, तिथे पुढच्या वर्षी ज्वारी किंवा दुसरं भुसार पीक. जमिनीला विसावा मिळतो, पाणी पुरतं आणि उसाचा पैसा एकाच्या घरात न राहता दहा घरांत जातो.

कागदावर हे सोपं दिसतं. पाटावर सोपं नव्हतं. ज्यांचा ऊस उभा होता त्यांनी जोरदार विरोध केला. आजवर हवं तेव्हा पाणी घ्यायची सवय आणि आता पाळीने, मोजून घ्या म्हटल्यावर कोण ऐकणार? सरकारातही शंका घेणारे होतेच. १९०१ मध्ये ब्रिटिश सरकारने देशभरच्या पाटबंधाऱ्यांची पाहणी करायला सिंचन आयोग नेमला. त्या आयोगापुढे विश्वेश्वरय्यांनी ब्लॉकची योजना मांडली, ती आयोगाला पटली आणि नीरा कालव्यावर ती अमलात आली.

एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांनी शेतकऱ्याला ऊस लावू नको म्हटलं नव्हतं. उसात पैसा आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. उलट पाटाचा खर्च निघायचा तर नगदी पीक पाहिजे, हेही ते जाणून होते. त्यांचं म्हणणं एवढंच की ऊस सगळ्यांनी थोडा थोडा लावावा, ठरावीक लोकांनी सगळा नाही.

गोऱ्या साहेबांची खुर्ची आणि मुसीचा पूर

पुण्यानंतर त्यांनी मुंबई इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर म्हणून काम केलं. १९०६ मध्ये एडनला पाठवलं गेलं, तिथल्या पाणी आणि गटार योजनेची आखणी केली. हुशारी सगळ्यांना मान्य होती, पण चीफ इंजिनिअरची खुर्ची त्या काळात गोऱ्या साहेबांसाठीच राखून ठेवल्यासारखी होती. आपण कितीही केलं तरी इथून पुढे वाट नाही, हे ओळखून त्यांनी १९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडली आणि परदेशात फिरायला गेले.

ते युरोपात असतानाच इकडे हैदराबादवर संकट कोसळलं. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला असा पूर आला की शहराचा मोठा भाग वाहून गेला. हजारो माणसं गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतलं.

हैदराबादला आल्यावर त्यांनी शहराच्या वरचं सगळं पाणलोट क्षेत्र तपासलं. मुसीच्या खोऱ्यात सातशेहून अधिक लहान-मोठी तळी होती आणि त्या पावसात त्यांतली दोनशेहून अधिक फुटली होती. वरचं तळं फुटलं की त्याचा लोंढा खालच्यावर, ते फुटलं की त्याच्या खालच्यावर. आपल्याकडे वरचा पाझर तलाव फुटला की खालचा बांध टिकत नाही, तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर.

त्यांनी शहरात नुसत्या उंच भिंती बांधा असं सांगितलं नाही. पूर शहरात यायच्या आधीच वर अडवा, असं सांगितलं. मुसीवर एक आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर एक अशी दोन मोठी धरणं त्यांनी सुचवली. त्यांतून पुढे १९२० मध्ये उस्मान सागर आणि १९२७ मध्ये हिमायत सागर पुरं झालं. बांधणारे इंजिनिअर दुसरे, पण आखणी यांची. पूरही अडला आणि शहराला प्यायचं पाणीही मिळालं. आपली नीरा भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. मुसीही शेवटी कृष्णेलाच मिळते. म्हणजे एकाच कृष्णेच्या खोऱ्यात या माणसाने एका टोकाला टंचाईवर काम केलं आणि दुसऱ्या टोकाला पुरावर.

कावेरीवरचं धरण

१९०९ च्या अखेरीस ते आपल्या मुलखात, म्हैसूर संस्थानात चीफ इंजिनिअर झाले. तिथलं त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे कावेरीवरचं कृष्णराज सागर. १९११ मध्ये काम सुरू झालं. खर्च एवढा मोठा की संस्थानातल्याच अधिकाऱ्यांना धडकी भरली. खालच्या बाजूच्या मद्रास सरकारने हरकत घेतली, कारण वर पाणी अडलं तर आमच्या तंजावरचं काय, हा त्यांचा सवाल. हा वाद पुढे १९२४ च्या करारापर्यंत चालला आणि त्याचे पडसाद आजही ऐकू येतात.

धरण अडीच किलोमीटरहून लांब, उंची सुमारे १३० फूट. सिमेंट महाग आणि परदेशी, म्हणून चुना आणि विटेच्या भुकटीची सुरखी वापरून बांधकाम झालं. साठा सुमारे ४९ टीएमसी, म्हणजे आपल्या आजच्या भाटघरच्या दुपटीहून थोडा जास्त. खडकवासल्याला वापरलेले आपोआप उघडणारे दरवाजे इथेही बसवले. काम पुरं व्हायला १९३१ उजाडलं. तोवर विश्वेश्वरय्या संस्थानाची नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती.

या धरणाखाली कन्नंबाडी गाव पाण्यात गेलं, लोकांना घरंदारं सोडावी लागली. धरणाचं पाणी कुणाच्या तरी घरावरून जातं, हे आपल्या भागात भाटघर, वीर, उजनी पाहिलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

मंड्या जिल्ह्याचं मात्र रूप पालटलं. कोरडवाहू मुलूख भात आणि उसाचा झाला. तिथल्या मुख्य कालव्याला आज विश्वेश्वरय्यांचं नाव आहे. त्या भागात फिरलात तर गावोगावच्या चौकात पगडीवाला पुतळा दिसतो. आपल्याकडे पुढाऱ्यांचे पुतळे असतात, तिथे इंजिनिअरचा आहे.

दिवाण आणि राजीनामा

१९१२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना संस्थानाचं दिवाण केलं. सहा वर्षांत म्हैसूर विद्यापीठ, म्हैसूर बँक, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना अशी कामं त्यांनी उभी केली किंवा सुरू केली. १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला.

त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. संस्थानातल्या सरकारी नोकऱ्या ठरावीक वर्गाच्या हातात आहेत, मागास समाजाला जागा राखून द्या, अशी मागणी तेव्हा जोर धरत होती. महाराज त्या बाजूचे होते. विश्वेश्वरय्यांना ते मान्य नव्हतं, निवड फक्त गुणवत्तेवर व्हावी असं त्यांचं मत. या मतभेदातून १९१८ च्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडलं. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्येच मागास समाजासाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या, हे आपल्याला माहीत आहे. पाटाचं पाणी शेवटच्या रानापर्यंत गेलं पाहिजे हे ज्यांनी एवढं नेमकं ओळखलं, त्यांना शिक्षण आणि नोकरीच्या पाटाचंही टेल कोरडं आहे हे दिसलं नाही, असं म्हणावं लागतं. मोठ्या माणसाचं मोठेपण सांगताना हेही सांगितलं म्हणजे हिशोब पुरा होतो.

नव्वदीतही कामात

पद सोडल्यावर माणूस घरी बसला नाही. १९३७ मध्ये ओडिशात महानदीचे पूर पाहून त्यांनी अहवाल दिला. नदीकाठी बांध घालत बसण्यापेक्षा वर धरणं बांधून पूर अडवा, असं त्यात सुचवलं. महानदीवरचं हिराकुड धरण पुढे १९५७ मध्ये झालं. बिहारमध्ये गंगेवर मोकामाजवळ पूल कुठे बांधावा, हे ठरवायला त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती. ते तिथे गेले आणि जागा पाहून सल्ला दिला.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १९६० मध्ये ते हयात असतानाच त्यांच्या जन्मशताब्दीचं टपाल तिकीट निघालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, पुणं पाण्याखाली गेलं. ज्या धरणावर त्यांनी उमेदीच्या काळात दरवाजे बसवले, ते वाहून गेलं तेव्हा ते बंगळूरला शंभरीत होते. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, त्यांचं निधन झालं. १९६८ पासून त्यांचा जन्मदिवस देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. नागपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेलाही त्यांचंच नाव आहे.

आपल्या पाटावर काय उरलं?

हे सगळं झालं त्यांचं चरित्र. आता आपल्या चारीवर या.

ब्लॉक शब्द राहिला, त्यातली तीन वर्षांची फेरपालट मागे पडली. वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर असे कारखाने परिसरात उभे राहिले, उसाला हमखास गिऱ्हाईक आलं आणि रानात वर्षानुवर्षं ऊसच राहिला. त्या पैशातून घरं झाली, शाळा-कॉलेजं झाली, पोरं शिकली. ते नाकारून चालणार नाही. पण पाटाकडेच्या काही जमिनी चोपण झाल्या, हेही डोळ्यांपुढे आहे. आणि उन्हाळी आवर्तन सुटलं की वरच्या दारांवर गर्दी आणि टेलचा शेतकरी रात्रभर बॅटरी घेऊन चारीवर बसलेला, हे चित्र काही बदललेलं नाही.

शेजपाळी आपल्याकडे नियमात आहे. पाणी टेलकडून सुरू करून वर आणायचं, हे जुन्या माणसांना पाठ आहे. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी मोजून घ्यायचा आणि आपल्यात वाटायचा अधिकार दिला. म्हणजे एका इंजिनिअरने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे मागितलं होतं, की पाणी मोजून द्या आणि गटाने द्या, ते आता कायद्यात आहे. संस्था कागदावर झाल्या, काही चांगल्या चालतात, काहींची साधी बैठकही होत नाही. चारी दुरुस्त नसेल, दारं तुटलेली असतील आणि मोजपट्टी वाहून गेली असेल तर कायदा नुसता कपाटात राहतो.

विश्वेश्वरय्यांच्या काळात विरोध करणारे शेतकरी मूर्ख नव्हते. हातातलं पाणी सोडायला कुणालाच आवडत नाही. आज मात्र ठिबक आहे, कमी पाण्याची वाणं आहेत, बाजार मोबाइलवर दिसतो. त्या वेळच्या शेतकऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. तरी नीरेच्या पाटावर ब्लॉक पद्धत चालली, कारण पाण्याची खात्री मिळाली की माणूस थोडं सोडायला तयार होतो. पाणी येईल की नाही याचा भरवसा नसला की प्रत्येक जण मिळेल तेवढं ओढून घेतो. ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे.

येत्या अभियंता दिनाला कॉलेजात हार-तुरे होतील, भाषणं होतील. होऊ द्या. पण आपल्या भागात हा दिवस पाळायचा तर पाणी वापर संस्थेची बैठक त्या दिवशी घ्यावी. सप्टेंबरात धरणं भरलेली असतात, रब्बीचं नियोजन तोंडावर असतं. चारीवर किती दारं आहेत, किती चालू आहेत, यंदा कुणाचं किती क्षेत्र कोणत्या पिकाखाली आहे आणि पाळी टेलकडून सुरू होणार की नाही, एवढं त्या दिवशी वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. बैठकीला वरच्या गावाइतकीच खालच्या गावचीही माणसं बोलवावीत. रब्बीचं पहिलं आवर्तन सुटलं की तीच वही घेऊन टेलच्या शेवटच्या दारावर जाऊन बघावं, पाणी पोचलं का.